जुनापाणीची शिळावर्तुळे आणि थूप

नागपूरजवळ काटोल मार्गावर जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. मोठ्या शिळांच्या कड्यात दगडमातीचा उंचवटा आणि त्याखाली मृतांसोबत ठेवलेली मृद्भांडी व लोखंडी हत्यारे, असे त्यांचे स्वरूप आहे. काही शिळांवर वाटीसारखे खळगे दिसतात.

हा उंचवटा पाहताना पालीतील ‘थूप’ हा शब्द आम्हांस आठवतो. भगवंतांच्या अस्थींवर थूप उभारल्याचे महापरिनिब्बानसुत्त सांगते. परंतु केवळ साम्यावरून ही लोहयुगीन दफने बौद्ध ठरत नाहीत. ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्या वारशाविषयी बोलतानाही पाळावा लागतो. पुरावा त्या शिळांच्या मांडणीतच आहे. म्हणून तेथे जाणाऱ्याने एकही शिळा हलवू नये.