बसवकल्याणच्या शरणांचा तक्ता मांडून बघा!

बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हटलं की शरण चळवळीचे नेते बसवण्णा आठवतात. पण एकट्याच्या चरित्रातून चळवळ कळत नाही. म्हणून इतिहासकार सामूहिक चरित्राची पद्धत वापरतात: गटातल्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. गाव कोणतं, धंदा काय, सोयरीक कुठे, गुरू कोण? प्रत्येक उत्तराला तक्त्यात एक रकाना. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या पुस्तकात विजापूरच्या सूफींचा असाच गट म्हणून अभ्यास केला, तेव्हा 'सूफी' नावाखाली लढवय्ये, लेखक, जमीनदार असे किती वेगळे लोक होते ते दिसलं.

आता १२व्या शतकातले शरण, म्हणजे बसवण्णांच्या चळवळीतले शिवभक्त, घ्या. माचिदेव परीट, चौडय्या नावाडी, हरळय्या चांभार, चंदय्या दोर वळणारे, मधुवरस ब्राह्मण. शिवाय वचनं, म्हणजे छोट्या कन्नड भक्तिरचना, रचणाऱ्या तीसहून अधिक स्त्रिया! मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अंकिताचा, म्हणजे वचनातल्या नाममुद्रेचा रकाना. चौडय्या तिथे देवाच्या नावाऐवजी स्वतःचंच नाव घालतात. वचनकार लक्कम्मांच्या अंकितात नवऱ्याचं, मारय्यांचं, नाव आहे, 'मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग'. पण याच लक्कम्मांनी मारय्यांना गरजेपेक्षा जास्त वेचून आणलेले तांदूळ परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे.

एक रकाना मात्र विसरू नका: माहिती वचनातली की पुराणातली? पाल्कुरिकी सोमनाथांचं तेलुगू बसवपुराण १३व्या शतकातलं, भक्तिभावाने लिहिलेलं. त्यातून शरणांचं आयुष्य जितकं कळतं, तितकंच पुढच्या पिढ्यांनी त्यांना कसं जपलं तेही कळतं.