दुखतो तळवा, दाबायची पोटरी

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला येते तो टप्पा 30 किलोमीटरच्या आसपासचा. मध्ये दिवे घाटाची चढण, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी, म्हणजे पोटात उपासाचंच काय ते. रात्री पोचलेला वारकरी अंग टाकतो आणि झोपतो. पाय खरे बोलायला लागतात दुसऱ्या दिवशी, कारण सवयीपेक्षा जास्त राबलेल्या स्नायूंचं दुखणं साधारण 24 ते 72 तासांत चढत जातं. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. त्या मधल्या दिवशी पाय चेपून देणाऱ्या मंडपांपुढे सकाळपासूनच रांग लागते.

अशाच एका मंडपात मी तिळाचं तेल कोमट करून वाट्यांत भरून देत होतो. काम बघणाऱ्या ताई फिजिओथेरपिस्ट होत्या आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं-मुली होती. पहिली अडचण यायची ती तेल लावण्याआधीच. वयस्कर माणसं पाय आखडून घ्यायची. ‘‘माउली, तुम्ही नका हात लावू पायाला.’’ वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तरी बसल्या जागी पाय पुढे करून दुसऱ्याकडून चेपून घेणं त्यांना जड जातं. मग ताई आधी वाकून नमस्कार करायच्या आणि तोच हात घोट्यावर ठेवायच्या. पाय तिथेच राहायचा.

बीडकडचे एक आजोबा आले. टाचेखाली कळ येत होती, सकाळी उठून पहिली पावलं टाकताना सर्वांत जास्त. त्यांच्या शेजारी बसलेला मुलगा लगेच अंगठ्याने तळवा रगडायला लागला. ताईंनी त्याला थांबवलं आणि आजोबांना पालथं झोपायला सांगितलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटार फॅसिया. दुखत होता तो. पण पोटरीचे स्नायू टाचेमागच्या जाड शिरेने त्याच टाचेला बांधलेले. चढणीला पोटरी आखडली की टाच मागून ओढली जाते आणि तळव्यातल्या पट्ट्यावरचा ताण वाढतो. म्हणून हात आधी पोटरीवर.

त्या हाताची चाल मी बराच वेळ बघत राहिलो. सुरुवातीला नुसता तळहात, घोट्याकडून गुडघ्याकडे, वजन न देता. कातडी गरम झाली की दोन्ही अंगठे पोटरीच्या मधोमध टेकवून सावकाश बाहेरच्या बाजूंना. वरचा स्नायू असा सैल होतो. त्याच्या खाली सोलियस नावाचा दुसरा असतो, पाय सरळ असताना तो वरच्याखाली दडतो. ताईंनी घोट्याखाली घोंगडीची वळकटी सारून पाय गुडघ्यात वाकवला आणि मग खालपर्यंत बोटं नेली. एका जागी आजोबांचा श्वास अडकला. ताईंनी दाब वाढवला नाही, सोडलाही नाही. तसाच धरून ठेवला, श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत. तळव्याची पाळी आली ती शेवटी, आणि तीही थोडकीच.

किती जोरात दाबायचं, हे शिकणाऱ्या मुलांना सर्वांत उशिरा कळतं असं मला वाटतं. वारकरीच म्हणतात, ‘‘दाबा अजून, काही होत नाही.’’ सोसायची सवय असलेली ही माणसं. त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या पायाची बोटं खरं सांगतात. दाब सोसेनासा झाला की बोटं आत वळतात.

एक मुलगी सांगत होती की पायात साचलेलं आम्ल चोळल्याने निघून जातं. ताईंनी तिथेच दुरुस्त केलं. लॅक्टिक आम्ल चालणं थांबल्यावर तास-दोन तासांत आपोआपच कमी होतं. चोळण्याने दुखणं थोडं हलकं होतं, ताठरपणा उतरतो, रात्री झोप लागते. एवढं मिळालं तरी पुढच्या वाटेला ते पुष्कळ आहे. पलीकडे काशाची वाटी तुपाने फिरवून घेणाऱ्यांचीही गर्दी होती. तळव्याला येणारा काळेपणा हा धातूचा आणि तुपाचा, अंगातली उष्णता बाहेर पडल्याचा नव्हे. वाटीने मिळणारा आराम मात्र मी नाकारणार नाही.

दुपारी एक मावशी डावी पोटरी धरून आल्या. ‘‘वांब आलाय, मोडून द्या.’’ वांब आला असेल तर गुडघा सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढली की काही क्षणांत सुटतो. ताईंनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड, तांबूस, हाताला गरम. त्यांनी तेलाची वाटी बाजूला केली. एकाच पायाला अशी सूज असेल तर आतल्या रक्तवाहिनीत गाठ झाल्याची शक्यता असते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. मावशी नाराज झाल्या, एवढा वेळ रांगेत उभं राहून नुसतं परत पाठवता का, म्हणाल्या. ताईंनी समजूत घातली, एका मुलाला सोबत दिलं आणि रुग्णवाहिकेकडे धाडलं. दिवसभरात मी पाहिलेलं सर्वांत चांगलं काम मला हेच वाटतं. मधुमेह असलेल्यांचं तसंच. त्यांना आधी डोळे मिटायला सांगून बोटांना स्पर्श कळतो का, ते बघायचं. बधिर तळव्यावर काटा रुतलेला माणसाला कळत नाही, कढत पाणीही कळत नाही.

आजोबा संध्याकाळी पुन्हा आले, उद्या चालू ना म्हणून विचारायला. ताईंनी त्यांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाचेकडून पार झिजलेल्या. जेजुरीचा टप्पा कालच्यापेक्षा बराच लहान आहे, चाला, म्हणाल्या, पण या चपला घालून नाही. शेजारच्याच मंडपात चपला फुकट शिवून मिळत होत्या. टाचेला रबराचा जाड तुकडा लावून घ्या, सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच बोटं स्वतःकडे ओढून पोटरी ताणा आणि मगच पाय जमिनीला टेकवा, एवढं सांगून त्यांनी पुढच्याला बोलावलं.