सातबारा आणि संगणकाची मुलाखत

समजा, नवी मुंबईतल्या करावे गावातील एक मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेऊन नोकरी शोधते आहे. महापे-ऐरोली पट्ट्यातल्या एका कंपनीने तिला 'डेटा इंजिनिअर' या जागेसाठी मुलाखतीला बोलावले आहे. हातात आठ दिवस आहेत. टेबलावर पुस्तकांचा ढीग पडला आहे आणि काय वाचावे, काय सोडावे हे तिला समजेनासे झाले आहे. इतक्यात आजोबा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढतात आणि एक पिवळा पडलेला कागद तिच्यापुढे धरतात. "बाय, जरा हा कागद वाचून दाखव." तो कागद असतो घरच्या जुन्या जमिनीचा सातबारा.

मित्रांनो, त्या ढिगातल्या पुस्तकांइतकाच हा कागदही मुलाखतीला उपयोगी पडेल, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. पण तसे आहे खरे. कसे ते पाहू या.

डेटा इंजिनिअर करतो काय?

खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना येते. आपल्याला दिसतो तो फक्त नळ. पण धरण आणि नळ यांच्यामध्ये जलवाहिन्या असतात, पाणी शुद्ध करण्याचे केंद्र असते, टाक्या आणि झडपा असतात. माहितीचेही असेच आहे. बँकेत, इस्पितळात, रेल्वेच्या तिकीटघरात क्षणोक्षणी नवी माहिती जमा होते. ती गोळा करणे, तिच्यातला गाळ काढणे, ती नीट मांडणे आणि हव्या त्या ठिकाणी वेळेवर पोहोचवणे हे डेटा इंजिनिअरचे काम. माहितीच्या या वाटेला 'पाइपलाइन' असेच म्हणतात. वाहिनी कुठे फुटली तर गावात गढूळ पाणी येते. माहितीची वाहिनी बिघडली तर मात्र कुणाला वासही येत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून मुलाखतीत पाठांतरापेक्षा 'चूक कुठे शिरेल?' हे ओळखण्याची सवय तपासली जाते.

तलाठ्याचे दप्तर

'सातबारा' हे नाव कसे पडले? महसूल खाते प्रत्येक गावाची माहिती ठरावीक नमुन्यांत ठेवते. त्यातील गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि धारकाचे नाव असते. गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, ते असते. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून ७/१२.

याखेरीज दोन नमुने आपल्या कामाचे आहेत. ८-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणत्या जमिनी आहेत, ते एकत्र मिळते. नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वाटणी, वारसा अशा कारणांनी हक्क बदलला की आधी येथे क्रमांक देऊन नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते.

आता गंमत पाहा. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने असा विचार मांडला की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची ओळख पटवणारी किल्ली असावी आणि किल्लीच्या आधारे एक तक्ता दुसऱ्याला जोडावा. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे 'एस.क्यू.एल.' झाली. आजही डेटा इंजिनिअरच्या बहुतेक मुलाखती याच भाषेपासून सुरू होतात. सर्व्हे क्रमांक ही किल्ली, ७ आणि १२ हे जोडलेले तक्ते, ८-अ ही खातेदारावरून जमीन शोधण्याची सूची आणि नमुना ६ ही बदलांची रोजनिशी. तलाठ्याच्या दप्तरात हे सारे कागदावर होतेच!

पहिला प्रश्न : बेरीज किती?

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न सोडवू या. एका खातेदाराचे तीन तुकडे आहेत : ३० आर, २० आर आणि १० आर. (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर.) पहिल्या तुकड्यात खरिपात भात आणि रब्बीत वाल, अशा दोन नोंदी आहेत. दुसऱ्यात फक्त भात. तिसरा पडीक, म्हणून पिकाची नोंदच नाही. आता ७ आणि १२ हे तक्ते जोडा आणि एकूण क्षेत्र सांगा.

साधी जोडणी केली तर जेथे दोन्हीकडे नोंद आहे तेवढ्याच ओळी येतात. पहिला तुकडा दोन पिकांमुळे दोनदा येतो आणि तिसरा गळून पडतो. बेरीज ३० + ३० + २० = ८० आर. कुणी म्हणेल, "पडीक तुकडाही धरा." तशी जोडणी केली तर ३० + ३० + २० + १० = ९० आर. खरे उत्तर मात्र ६० आर! क्षेत्राचा प्रश्न होता, पिकाचा नव्हता. तेव्हा बेरीज एकट्या नमुना ७ वरून करायला हवी होती.

येथे संगणकाने काहीच चूक केली नाही. त्याने सांगितले तसे केले. म्हणून जोडणी करण्यापूर्वी स्वतःला विचारावे : या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय? एक तुकडा, की एका तुकड्यातले एक पीक?

दुसरा प्रश्न : माहिती स्वच्छ कशी कराल?

करावे हे नाव रोमन लिपीत कुणी 'व्ही' घालून लिहितो, तर कुणी 'डब्ल्यू' घालून. माणसाला कळते की गाव एकच आहे. संगणकाला ती दोन गावे वाटतात. उलट, एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असतात. नावावरून जोडले तर एकाची जमीन दुसऱ्याच्या खात्यात दिसेल. म्हणून किल्ली नावाची नव्हे, क्रमांकाची असावी.

मापांचेही तसेच. जुन्या कागदांत एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. समजा, कुणी '४० गुंठे' हा आकडा '४० आर' म्हणून नोंदवला. खरे क्षेत्र सुमारे ४,०४७ चौरस मीटर, नोंदले गेले ४,०००. दिसायला फरक मामुली, पण ४७ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी झाली.

करावेसारख्या गावात हा फरक मामुली नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांचा आधार गेला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात मोठे आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आता ताळा करून पाहा : ४,०४७ चे साडेबारा टक्के सुमारे ५०६, तर ४,००० चे ५००. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्ष वाटपात सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वजा होतो. तरी मापाच्या एका चुकीने किती फरक पडेल ते त्यावरून कळते. ६ चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीएवढी जागा!

तिसरा प्रश्न : काम मध्येच बंद पडले तर?

समजा, फेरफारांची यादी संगणकात चढत असताना वीज गेली. पुन्हा सुरू केल्यावर तोच फेरफार दुसऱ्यांदा चढला तर? एका भावाचा हिस्सा दोनदा वजा होईल. चांगल्या पाइपलाइनचा गुण असा की, तेच काम दहा वेळा चालवले तरी उत्तर एकच यावे. त्यासाठी प्रत्येक नोंद चढवण्यापूर्वी तिचा क्रमांक तपासायचा. हा फेरफार क्रमांक आधीच चढला असेल तर पुढे जायचे. शिवाय शेवटी ताळा हवाच : वाटणीपूर्वीचे क्षेत्र आणि वाटणीनंतरच्या सर्व हिश्श्यांची बेरीज सारखी आली पाहिजे. आली नाही तर काम थांबवून माणसाला कळवायचे. जुनी नोंद मात्र पुसायची नाही. बदल का झाला हे उद्या कुणी विचारले तर उत्तर तिच्यातूनच मिळते.

आठ दिवसांत काय करावे?

पहिले तीन दिवस कागदावर लहान तक्ते आखून एस.क्यू.एल.चे प्रश्न हाताने सोडवावेत. उत्तर आधी स्वतः काढावे, मग संगणकाला विचारावे. पुढचे दोन दिवस पायथनमध्ये छोटे कार्यक्रम लिहावेत : फाइल वाचा, दुबार नोंदी काढा, चुकीचे माप वेगळे ठेवा. नंतर एक दिवस आपल्या ओळखीच्या एखाद्या व्यवहाराची तक्त्यांत मांडणी करावी. शेवटचे दोन दिवस मोठ्याने बोलून उत्तरे द्यावीत. परीक्षकाला नुसते उत्तर नको असते, विचार कसा चालतो हे त्याला ऐकायचे असते. प्रश्न संदिग्ध असेल तर आधी विचारावे, "क्षेत्र हवे की पिकाखालचे क्षेत्र?" आणि एखादी गोष्ट येत नसेल तर तसे सरळ सांगून, ती कशी शोधून काढाल ते सांगावे. अंदाजाने आकडा ठोकून देणारा माणूस या कामात धोक्याचा असतो.

करून पाहा

मुलाखतीला तुम्हाला अजून अवकाश आहे. पण तयारी आजही करता येईल. शाळेच्या ग्रंथालयासाठी तीन तक्ते आखा : विद्यार्थी, पुस्तके आणि देवघेव. प्रत्येकाची किल्ली ठरवा. वर्गात एकाच नावाची दोन मुले असतील तर काय कराल? एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर? ज्याने वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही, तो तुमच्या यादीत दिसतो का? तुमची मांडणी मित्राला दाखवा आणि त्याला तिच्यातली चूक शोधायला सांगा.

करावेतली ती मुलगी आता आजोबांना सातबारा वाचून दाखवते आहे. कुठल्या फेरफाराने कोणाचे नाव आले, कोणाचे गेले, हे आजोबांना तोंडपाठ आहे. ती मात्र प्रत्येक आकड्याशी थांबते आणि विचारते, "आजोबा, हे गुंठे की आर?"