न लिहू देणारे यंत्र

खुनाच्या गुन्ह्यात हस्तगत झालेला कोयता पंचांच्या सह्यांनिशी मोहोरबंद करून मुद्देमाल कारकुनाच्या स्वाधीन केला, म्हणजे तो वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. परंतु संगणकाची हार्ड डिस्क हा मुद्देमालच असा चमत्कारिक आहे, की केवळ अवलोकनासाठी ती दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी त्या संगणकाची कार्यप्रणाली, ही आपल्याच दिमतीस आली असे समजून, तिच्यावर स्वतःच्या नोंदी करू लागते, आणि आरोपीच्या वकिलाला आयतेच निमित्त मिळते.

हे संकट निवारण्यासाठी योजलेले ‘राइट ब्लॉकर’ नामक उपकरण एका न्यायसहायक प्रयोगशाळेत मी जवळ बसून पाहिले, तेव्हा प्रथमदर्शनी काहीशी निराशाच झाली. कारण चष्म्याच्या डबीएवढ्या त्या काळ्या पेटीत डोळे दिपविणारे असे काहीच नव्हते. परीक्षक बाईंनी पाकिटावरील मोहोर अभंग असल्याचे छायाचित्र घेतले, डिस्कचा अनुक्रमांक पंचनाम्याशी ताडून पाहिला, मग डिस्कची केबल पेटीच्या एका अंगास व संगणकाची दुसऱ्या अंगास जोडली, आणि लेखनबंदीचा बारीक दिवा लागल्याचे स्वतः पाहून सहायकालाही पाहावयास सांगितले. संगणकाकडून येणारी प्रत्येक आज्ञा ही पेटी तपासते. वाचण्याची असेल तर पुढे जाऊ देते, लिहिण्याची असेल तर अडविते, आणि काही पेट्या तर ‘लिहिले’ असे खोटेच उत्तर देऊन संगणकाची समजूत घालतात. सत्यशोधनासाठी नेमलेल्या यंत्राला असे बेमालूम असत्य बोलावे लागावे, यातील गंमत मला फार आवडली.

जोडणी झाली की डिस्कची नक्कल घेतात; परंतु नक्कल म्हणजे येथे फाइलींची प्रत नव्हे. पुसलेल्या मजकुराचे अवशेष जिच्यात दडलेले असतात ती मोकळी भासणारी जागाही धरून, पहिल्या सेक्टरापासून अखेरच्या सेक्टरापर्यंत जे असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यावयाचे असते. सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने एक टेराबाइटच्या डिस्कला जवळजवळ दोन तास लागतात, आणि त्या अवधीत पाहण्यासारखे काही घडत नाही. शेवटी अस्सल व नक्कल या दोहोंचे हॅश मूल्य काढतात. एसएचए-२५६ पद्धतीने ते ६४ अंकाक्षरांचे येते, आणि मूळ मजकुरातील एक बिट जरी पालटला तरी सर्वस्वी निराळे होते. ती दोन्ही मूल्ये जुळल्याचे यंत्राने सांगितले असतानाही बाईंनी ती चार-चार अक्षरे मोठ्याने वाचून सहायकाकडून ताडून घेतली.

मोबाइलचे प्रकरण याहून नाजूक. दुरून आज्ञा पाठवून कोणी त्यातील मजकूर पुसू नये, म्हणून तो धातूचे तंतू विणलेल्या फॅराडे पिशवीत ठेवतात. परंतु आत कोंडलेला फोन टॉवरचा शोध घेता घेता बॅटरी संपवितो, म्हणून पॉवर बँकही पिशवीतच घालावी लागते, कारण बाहेर राहिलेली केबल अँटेनाचे काम करते.

या साऱ्या बंदोबस्ताला एक भगदाड मात्र आहे. एसएसडी जातीच्या डिस्कमध्ये पुसलेल्या जागेची साफसफाई तिच्या पोटातला नियंत्रकच करतो. वीज मिळाली की त्याचे काम सुरू होऊ शकते, आणि ही आज्ञा बाहेरून येत नसल्यामुळे दारावरच्या ब्लॉकरला तिचा पत्ताही लागत नाही. ब्लॉकर लावला होता, म्हणून पुरावा तिळमात्र बदललेला नाही, असे सरसकट शपथेवर सांगणारा तज्ज्ञ मला तरी अर्धाच तज्ज्ञ वाटेल.

या काळजीची दखल कायद्यानेही घेतली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, असे पुन्हा ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात आता हॅश मूल्यही नमूद करावे लागते. तेव्हा वाचकांपैकी कोणावर अशा जप्तीच्या वेळी पंच होण्याचा प्रसंग आला, तर डिस्कचा अनुक्रमांक पंचनाम्यात आला आहे की नाही, आणि जागीच नक्कल घेतली असल्यास तिचे हॅश मूल्य लिहिले आहे की नाही, एवढे पाहिल्यावाचून त्यांनी सही करू नये.