अदृश्य चोरी

पूर्वी चोर घरात शिरला, की काही ना काही खूण मागे ठेवून जात असे. कडी तुटलेली असे, भिंतीला भगदाड पडलेले असे, निदान अंगणात पावलांचे ठसे तरी उमटलेले असत. आजच्या काळातील एक चोरी मात्र अशी आहे, की तिच्यात कडी तुटत नाही, कुलूप फुटत नाही आणि चोरलेली वस्तू मालकाच्या खिशातच राहते! ही चोरी म्हणजे डेबिट कार्डावरील माहितीची चोरी होय.

डेबिट कार्ड म्हणजे पैसे नव्हेत. ती बँकेतील खात्याची किल्ली आहे. कार्डावरचा क्रमांक, त्याची मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि पाठीमागचे तीन अंक हे त्या किल्लीचे दाते होत. एखाद्या लबाड माणसाने मेणावर किल्लीचा ठसा घ्यावा आणि किल्ली मुकाट्याने जागच्या जागी ठेवून द्यावी, तसाच हा प्रकार असतो. मालकाला आपली किल्ली जवळ असल्याचे समाधान असते आणि तिकडे दुसरी किल्ली तयार झालेली असते.

हा ठसा चोर अनेक मार्गांनी मिळवितात. कोणी ए.टी.एम.च्या यंत्रावर एक लहानसे उपकरण बसवून कार्डाच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरील माहिती टिपून घेतो आणि लपविलेल्या कॅमेऱ्याने पिनचे आकडे पाहतो. कोणी इंटरनेटवरील दुकानाच्या संगणकात शिरून तेथे साठविलेले हजारो ग्राहकांचे कार्ड क्रमांक पळवितो. कोणी तर फोनवर 'मी बँकेतून बोलतो आहे' असे गोड शब्दांत सांगून सारी माहिती मालकाच्याच तोंडून वदवून घेतो.

या चोरांविरुद्ध बँकांनीही उपाय योजले आहेत. कार्डावर दिसणारी लहानशी चकचकीत चिप हा त्यांपैकी एक होय. चुंबकीय पट्टीवरील माहिती नेहमी तीच असते, म्हणून तिची नक्कल करता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे जुना आकडा चोराच्या कामी येत नाही. शिवाय इंटरनेटवर कार्डाने खरेदी करताना ओटीपीसारखा दुसरा पुरावा मागण्याचा नियम भारतात 2009 सालापासून लागू झाला. परंतु परदेशातील अनेक दुकाने असा पुरावा मागत नाहीत. चोर नेमकी हीच फट शोधतात.

एक प्रसंग कल्पावा. एक पेन्शनर आजोबा मुलाला भेटावयास परदेशी गेले होते. त्या वेळी त्यांनी आपले डेबिट कार्ड परदेशातील वापरासाठी चालू करून घेतले आणि तेथील एका दुकानातून इंटरनेटवर पुस्तके मागविली. गावी परत आल्यावर ती सोय बंद करावयाची राहून गेली. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या फोनवर खात्यातून ऐंशी रुपये वजा झाल्याचा संदेश आला. 'असेल काहीतरी,' असे म्हणून त्यांनी तो सोडून दिला. दुसऱ्या दिवशी संदेश आला, तो अठरा हजार रुपयांचा!

पहिली रक्कम इतकी लहान का होती? शितावरून भाताची परीक्षा करतात, तसे चोर लहान रकमेवरून कार्डाची परीक्षा करतात. ते चालते आणि मालक जागा नाही, असे दिसले, की मोठा हात मारतात. म्हणून आपण न केलेला व्यवहार एक रुपयाचा असला, तरी तो क्षुल्लक समजू नये.

अठरा हजारांचा संदेश वाचून आजोबा खाली बसले. पैसे गेल्याचे दुःख तर होतेच. पण 'जन्मभर हिशेब चोख ठेवला आणि आता फसलो, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?' ही लाज त्याहून मोठी होती. त्यांची सातवीतील नात जवळच होती. ती म्हणाली, "आजोबा, चोरी तुम्ही केली आहे का? मग तुम्ही का लाजता? आधी बँकेला फोन करू या."

नातीचे म्हणणे अगदी योग्य होते. जेथे मोठमोठ्या संस्थाही लुटल्या जातात, तेथे एकट्या माणसाने लाजण्याचे कारण काय? पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 साली स्थापन झाली. 11 ऑगस्ट 2018 रोजी चोरांनी तिच्या संगणक यंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांनी अवघ्या काही तासांत 28 देशांतील ए.टी.एम. यंत्रांतून पैसे काढले. दोन दिवसांनी आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेत वळविण्यात आले. एकूण लूट 94 कोटींहून अधिक होती. ही हानी बँकेची झाली. ठेवीदारांच्या खात्यांतील रकमा सुरक्षित आहेत, असे बँकेने जाहीर केले. बँक गप्प बसली नाही. तिने पोलिसांत फिर्याद दिली, तपास झाला आणि 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणातील 11 आरोपींना दोषी ठरविले.

आता आजोबांनी काय केले ते पाहू. प्रथम त्यांनी कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून कार्ड बंद करविले. आलेल्या अनोळखी फोनवरील किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. कारण तेथेही चोरच बसलेला असू शकतो. फुटक्या हौदातले पाणी वाचवावयाचे असेल, तर आधी भोक बुजवावे लागते. सांडलेले पाणी भरण्याचा विचार त्यानंतर.

बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि फोन केल्याची वेळ नातीने वहीत लिहून ठेवली. मग त्यांनी 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळविले. चोरलेले पैसे अनेकदा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळविले जातात. वेळीच खबर मिळाली, तर ते वाटेतच अडविता येतात. उशीर झाला, तर मागे नुसता रिकामा रस्ता उरतो. सकाळी आजोबा शाखेत गेले आणि हे दोन्ही व्यवहार आपण केलेले नाहीत, असा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली. असा अर्ज आल्यावर बँक ज्या दुकानात कार्ड वापरले गेले, त्या दुकानाच्या बँकेकडे ती रक्कम परत मागू शकते.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी यासंबंधी एक नियम आखून दिला. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा चोरीची खबर, संदेश मिळाल्याचा दिवस सोडून कामाच्या 3 दिवसांत दिली, तर ग्राहकाने एक रुपयाही सोसावयाचा नाही. 4 ते 7 दिवस लागले, तर साध्या बचत खात्याच्या बाबतीत 10,000 रुपयांपर्यंतचा भार त्याच्यावर पडू शकतो. खबर मिळाल्यावर बँकेने कामाच्या 10 दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावयाची आणि 90 दिवसांच्या आत तक्रारीचा निकाल लावावयाचा. ग्राहक दोषी आहे असे बँकेला म्हणावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच ठेवलेली आहे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

या नियमातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एखाद्याने खरोखरच चूक केली, आपला पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. परंतु खबर दिल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणजे ज्याची चूक झाली, त्याने तर अधिकच घाई केली पाहिजे. चूक लपविल्याने ती लहान होत नाही. उलट दर तासाला वाढत जाते.

आजोबांच्या खात्यात दहा दिवसांच्या आत रक्कम तात्पुरती जमा झाली. त्याच सुमारास एक फोन आला. "तुमचे पैसे कायमचे परत मिळवून देतो, आलेला ओटीपी तेवढा सांगा," असे पलीकडचा गृहस्थ म्हणाला. आजोबा हसले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. एकदा लुटलेल्या घरी मदतीच्या मिषाने चोर पुन्हा येतात, हे त्यांना कळून चुकले होते. नवे कार्ड मिळाल्यावर त्यांनी नवा पिन ठेवला, परदेशातील वापराची सोय बंद केली आणि दर रविवारी नातीला जवळ बसवून खात्याचा हिशेब तपासण्याचा परिपाठ ठेवला.

अदृश्य चोराला अंधार प्रिय असतो. आपल्या निष्काळजीपणाचा अंधार त्याला आत येण्यास मदत करतो आणि आपल्या लाजेचा अंधार त्याला पळून जाण्यास वेळ देतो. जो डोळे उघडे ठेवून हिशेब पाहतो आणि घात होताच निर्भयपणे बोलतो, त्याच्या घरी या चोराला फार काळ लपता येत नाही.