दोन लंबक आणि इलेक्ट्रॉनांचे दोन थर

एका आडव्या दांडीला सारख्या लांबीचे दोन लंबक शेजारी टांगू आणि हलक्या स्प्रिंगने एकमेकांना जोडू. दोन्ही एकाच बाजूला सारखे ओढून सोडले, तर त्यांच्यातील अंतर बदलत नाही व स्प्रिंग ताणली जात नाही. दोलनकाळ एकट्या लंबकाइतकाच भरतो. आता ते विरुद्ध बाजूंना ओढून सोडू. स्प्रिंग ताणते, आखडते आणि दोलनकाळ कमी होतो. जोडणीची बातमी मिळते ती विरुद्ध दोलनातून.

हीच युक्ती इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत उपयोगी पडते. अर्धवाहकातील अतिशय पातळ थरात अडकलेले इलेक्ट्रॉन कडाक्याच्या थंडीत तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवले, तर त्यांचा हॉल रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. हा क्वांटम हॉल परिणाम क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये आढळला. असे दोन थर सुमारे १० नॅनोमीटर अंतरावर ठेवले तर?

दोन्ही थरांतील इलेक्ट्रॉन एकसाथ हलवून काही कळत नाही. अशा दोलनाच्या वारंवारतेवर इलेक्ट्रॉनांच्या आपसातील प्रतिसारणाचा परिणाम होत नाही, हे वॉल्टर कोन यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. म्हणून थरांमधील फरकाकडे पाहावे लागते.

समजा, प्रत्येक थरातील निम्म्याच जागा भरलेल्या आहेत. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, त्यामुळे एका थरातील इलेक्ट्रॉनासमोर दुसऱ्यात रिकामी जागा येते. अमुक इलेक्ट्रॉन वरचा की खालचा, हे सांगताच येत नाही. प्रत्येक जण दोन्ही थरांत असतो आणि त्या दोन अवस्थांमधील कलांतर सर्वांचे एकच असते. पुण्यातून जाणाऱ्या पालखीतील दिंडी आठवू. टाळांचा ठेका कोणत्या क्षणी धरला याला महत्त्व नाही. सर्वांचा एक हवा. सर्वांनी मिळून तो थोडा पुढे ढकलला, तर कोणालाच ताण पडत नाही. तो पुढून मागे हळूहळू सरकत गेला, तर दिंडीतून एक लाट जाते.

थरांमध्येही अशीच लाट उठते. येथे मात्र लंबकाची उपमा सोडावी लागते: तरंगलांबी जितकी मोठी, तितकी या लाटेची ऊर्जा शून्याकडे झुकते.

स्पीलमन, आयझेनस्टाइन व सहकाऱ्यांना २००० मध्ये असे आढळले, की थरांमधील विद्युतदाब जवळजवळ शून्य असताना थर ओलांडण्याची वहनक्षमता एकदम उसळते. २००१ मध्ये त्यांनी थरांना समांतर असे छोटे चुंबकीय क्षेत्र जोडून लाटेची तरंगलांबी बदलली. तरंगलांबी निम्मी, तर ऊर्जा दुप्पट, असे ध्वनिलहरींसारखे प्रमाण मिळाले.

वर्गात हा प्रयोग करताना स्प्रिंग पुठ्ठ्याआड लपवावी, दोन्ही प्रकारची वीस-वीस दोलने मोजायला सांगावीत आणि मग विचारावे: आड काही जोडलेले आहे का? संशोधकांपुढेही हाच प्रश्न होता.