घर वाढले नाही, जागा वाढली

घर लहान आणि माणसे फार. ही तक्रार खेड्यात आहे, तशी शहरातही आहे. मुलाचे लग्न होते. सून येते. नातवंडे होतात. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही. मग आपण म्हणतो, "आता एक खोली काढली पाहिजे." पण खोली काढायला पैसा लागतो आणि जमीनही लागते. दोन्ही नसले तर काय करायचे?

आमच्यावर हीच वेळ आली होती. तेव्हा आम्ही काय केले आणि कोठे चुकलो, ते सांगतो. त्यातले तुमच्या उपयोगाचे असेल ते घ्या.

आमचे घर

आमचे घर पुण्यात कसबा पेठेत आहे. घर जुने, लाकडी खांबांचे. खाली तीन खोल्या आहेत. पुढे बैठकीची खोली, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. त्यामागे मोरी आणि संडास. वर दोन खोल्या आहेत. जिना लाकडी आणि उभा. घरात माणसे आठ : आमची आई, आम्ही दोघे, धाकटा भाऊ व त्याची बायको, मुलगा, सून आणि नात.

आई वरच्या खोलीत झोपत असे. एका पावसाळ्यात जिन्यावर तिचा पाय घसरला. ती तीन पायऱ्या खाली आली. हाड मोडले नाही, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, "आजपासून जिना बंद." तेव्हा आईचे वय 85 होते.

आता आईला खाली जागा हवी. पण खाली तर पाऊल ठेवायला जागा नव्हती!

आम्ही घाईने ठरवले की जिन्याखाली पेट्यांच्या शेजारी खाट टाकू. तेवढीच जागा रिकामी होती. आईने ती जागा पाहिली आणि म्हणाली, "अरे, जिन्याखाली अडगळ ठेवतात. मी अडगळ झाले का?"

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मान खाली घातली. खाट तशीच परत नेली.

खांबाला हात लावू नका

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मधला खांब आणि भिंत काढून टाकू. बैठक आणि माजघर एक करू. ऐसपैस होईल." एक गवंडी आला. तो म्हणाला, दोन दिवसांचे काम आहे. आम्हीही जवळजवळ हो म्हटले होते.

तेवढ्यात ओळखीचे एक म्हातारे सुतार आले. त्यांनी खांबावर हात ठेवला, वर पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, या खांबावर तुळई आहे. तुळईवर वरचा मजला आहे. चार माणसांनी पालखी खांद्यावर घेतली आहे. त्यातला एक निघून गेला, तर पालखीचं काय होईल?"

गोष्ट पटली. पुण्यात पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंती पडतात. माणसे दगावतात. महानगरपालिका धोक्याच्या वाड्यांना नोटिसा देते. अशा घरात खांब काढणे म्हणजे संकटाला बोलावणे. खांब, तुळई आणि वजन पेलणारी भिंत यांना आपल्या मनाने हात लावू नये. अगदी गरजच असली, तर आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवावे आणि परवानगी घ्यावी. गावाकडच्या धाब्याच्या घरालाही हेच लागू आहे. धाब्यावर मातीचे मोठे वजन असते.

मग आम्ही ठरवले, घर मोडायचे नाही. घरातले सामान हलवायचे.

आधी मोजा

आम्ही नातीची चौकटीची वही घेतली. एक चौकट म्हणजे एक फूट धरले. माजघर 15 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. म्हणून 15 चौकटी आडव्या आणि 10 चौकटी उभ्या आखल्या. एकूण 150 चौकटी झाल्या. म्हणजे 150 चौरस फूट जागा.

मग प्रत्येक वस्तू मोजली. मोठा पलंग 24 चौरस फूट. दोन लोखंडी कपाटे मिळून 9. चार पेट्या मिळून 24. टेबल 8. धान्याच्या तीन कोठ्या 12. गाद्यांचा ढीग 12. बेरीज केली, तर ती 89 आली. दीडशेतून 89 गेले, राहिले 61. म्हणजे खोलीतली निम्म्याहून जास्त जमीन सामानाने अडवली होती. माणसे उरलेल्या जागेत अंग चोरून वावरत होती.

ज्यांना वही नको वाटेल, त्यांनी खडूने जमिनीवर आखावे. दोरीनेही मोजता येते. पण मोजल्याशिवाय सामान उचलू नये. नाही तर कपाट चार वेळा हलते आणि शेवटी पहिल्याच जागी येते. वर कंबर धरते ती वेगळीच!

तीन ढीग

एका रविवारी सगळे सामान अंगणात काढले. त्याचे तीन ढीग केले. रोज लागणारे एक. सणावारी लागणारे दुसरे. कधीच न लागणारे तिसरे.

तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. मोडकी छत्री, फुटका पाळणा, गळकी बादली, जुनी रद्दी. आणि आईची एक पेटी.

सून म्हणाली, "आई, ही पेटी तुम्हीच उघडा. काय ठेवायचं ते तुम्ही सांगा." आम्हाला ते फार बरे वाटले. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता फेकू नये. जागा मिळते, पण माणूस दुखावते.

आईने स्वतः पेटी उघडली. दोन लुगडी, एक तांब्या आणि कागदांची पिशवी ठेवली. बाकीचे तिने आपल्या हाताने देऊन टाकले. पेटी रिकामी झाली.

सापडलेली खिडकी

कपाट हलवले, तेव्हा एक गंमत झाली. कपाटामागे खिडकी निघाली! ती चौकाकडे उघडत होती. वीस वर्षे आम्ही माजघरात दिवसा दिवा लावत होतो, आणि उजेड कपाटामागे अडकून पडला होता.

दुसऱ्या कपाटामागे फडताळ निघाले. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. त्या जाडीतच जुन्या लोकांनी कोनाडे आणि फडताळे केली आहेत. फडताळ म्हणजे भिंतीतले कपाट. त्याला जमीन लागत नाही. आणि आम्ही काय केले, तर त्याच्यासमोर विकतचे कपाट उभे केले!

जमीन माणसांसाठी आणि भिंत सामानासाठी, हे आपल्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. उतरंड पाहा. पाच मडकी एकावर एक असतात. जमीन मात्र एकाच मडक्याची लागते. शिंके आढ्याला टांगतात. कपडे दांडीवर जातात. हीच युक्ती सगळ्या घराला लावायची.

आम्ही भिंतीला भक्कम फळ्या ठोकल्या. जड वस्तू खालच्या फळीवर, हलक्या वर. टेबल काढून भिंतीला बिजागरीची फळी लावली. नात अभ्यासाला बसली की फळी खाली येते. अभ्यास झाला की वर जाते.

एक जागा, तीन कामे

कोणती जागा कोणत्या वेळी रिकामी असते, हे आम्ही लिहून काढले. बैठकीची खोली दिवसा पाहुण्यांची. संध्याकाळी तेथे नातीचा अभ्यास. रात्री मुलगा, सून आणि नात यांचे झोपणे. गाद्या सकाळी गुंडाळून दिवाणाच्या पोटात जातात. जपानमध्ये चटईच्या खोलीत रात्री गाद्या घालतात आणि सकाळी भिंतीतल्या कपाटात ठेवतात. आपली वळकटी म्हणजे दुसरे काय?

आईला माजघरात खिडकीजवळ खाट दिली. तेथून मोरी आणि संडास जवळ. उजेड आहे, वारा आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलता येते. खाटेपासून मोरीपर्यंत तीन फूट रुंद वाट मोकळी ठेवली. त्या वाटेत चप्पलसुद्धा ठेवायची नाही, असा नियम केला. म्हाताऱ्या माणसाला अडखळायला चप्पलही पुरते.

गॅस, देव आणि धान्य

स्वयंपाकघरात देवघर गॅसच्या टाकीजवळ होते. हे धोक्याचे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. शेजारी दिवा असला, तर पेट घेतो. म्हणून टाकी उभी ठेवावी, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. देव आम्ही माजघरातल्या समोरच्या भिंतीच्या कोनाड्यात नेले. आईला खाटेवरून दर्शन होते.

धान्य आणि कागद कोठे ठेवावेत, हे आईने सांगितले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. तेव्हा आई या घरात नवी सून होती. ती म्हणाली, "खालचं धान्य कुजलं. कागदांचा लगदा झाला. माळ्यावरचं तेवढं वाचलं." पुढेही असे घडले. 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले होते.

म्हणून घराचे कागद आता पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवले आहेत. शहरात दुकान जवळ आहे. तेव्हा वर्षाचे धान्य भरणे सोडले आणि एकच कोठी ठेवली. तीही लाकडी पाटावर, भिंतीपासून चार बोटे दूर. त्यामुळे ओल लागत नाही. गावात वर्षाचे धान्य भरावेच लागते. तेथे कोठ्या उंच ओट्यावर ठेवाव्यात.

हिशेब

मोठा पलंग वर गेला. एक कपाट देऊन टाकले. दुसरे जिन्याखाली गेले. दोन पेट्या दिल्या, दोन आईच्या खाटेखाली सरकवल्या.

आता माजघरात जमिनीवर काय उरले? आईची खाट 18 चौरस फूट, खुर्ची 4 आणि कोठी 4. मिळून 26. दीडशेतून 26 गेले, राहिले 124. पूर्वी 61 होते. खोली तीच, पण मोकळी जमीन दुपटीहून जास्त झाली. खर्च झाला तो फळ्या, बिजागऱ्या आणि सुताराच्या मजुरीचा.

सामान लावून झाले, तेव्हा आई खाटेवर बसली. खिडकीतून बाहेर पाहिले आणि सुनेला म्हणाली, "भाजी निवडायची असली तर इकडे आणून दे गं. इथे चांगला उजेड आहे."

आता रोज सकाळी आई तेथे भाजी निवडते. नात शेजारी बसून धडा वाचते.

एवढे लक्षात ठेवा

आधी मोजा, मग हलवा.
खांब, तुळई आणि जाड भिंत यांना हात लावू नका.
खिडकी अडवू नका.
जमीन माणसांना द्या, भिंत सामानाला द्या.
चांगली जागा आधी म्हाताऱ्या माणसाला द्या. उरलेल्या जागेत बाकीच्यांचे भागते.